सहा त्रेपन्न ते सात

८ फेब्रुवारी, रविवार

जुलैनंतर आज वही उघडली. मधल्या सात महिन्यांबद्दल माफी मागायची तर कुणाची, हे कळत नाही, कारण वाचणारी मीच. पण मध्येच बोलणं टाकलेल्या माणसाला पुन्हा तोंड दाखवताना वाटतं, तसं वाटतंय खरं. वेळ नव्हता असं लिहिलं तर पहिल्याच पानावर थाप होईल. वेळ होता. लिहिण्यासारखं मी काही केलं नव्हतं.

आता करायचं आहे. शुक्रवारी संचालकांनी मला एकटीला बोलावलं. दार स्वतः उठून लावलं. हे गृहस्थ चार महिन्यांपूर्वी बाहेरून आले. गोड बोलतात आणि कुणाचं बोलणं मध्ये तोडत नाहीत. आमच्या इमारतीत हे इतकं नवीन आहे की लोक त्यांना घाबरतात.

म्हणाले, "मॅडम, पाच वाहिन्या आता चालवता येणार नाहीत. दोन ठेवायच्या. पहिली आणि दुसरी राहणार, हे वरून ठरलंय. पण तीन, चार आणि पाचमधलं काय वाचवायचं आणि कुठे बसवायचं, हे तुम्ही ठरवा. एकट्यांनी. एक एप्रिलपासून नवी मांडणी."

मी विचारलं, "मीच का?"

"तुम्ही कुणाच्याच बाजूच्या नाही, असं सगळे सांगतात म्हणून."

ते खरं आहे. बावीस वर्षं मी वेळापत्रक विभागात आहे आणि मला टोपणनाव आहे 'फूटपट्टी'. तोंडावरही म्हणतात. मला ते कधी लागलं नाही. उलट, आणि हे लिहायलाच हवं, त्या दारातून बाहेर पडताना मला भीती वाटली, वाईट वाटलं, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. दोन वाहिन्यांचा कोरा तक्ता. इतक्या वर्षांत कोरा तक्ता माझ्या हाती कधी आलाच नव्हता. नेहमी आधीच्याच्या चुकांवर ठिगळं लावत आले.

कुणाला सांगायचं नाही अशी अट आहे. नवऱ्याला सांगितलं. तो 'कुणाला'मध्ये येत नाही असं मी धरलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या खोलीतल्या भिंतीवर लोखंडी फळा आहे. अर्ध्या तासाला एक याप्रमाणे त्यावर चुंबकाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, प्रत्येक वाहिनीचा रंग वेगळा. आज दार आतून लावून हिरव्या, पिवळ्या आणि जांभळ्या पट्ट्या काढल्या आणि बुटांच्या खोक्यात ठेवल्या. अडीच तास लागले. बोटांना काळं लागलं.

दुपारी कॅन्टीनमध्ये गेले. कॅन्टीन चालवणाऱ्या बाईंना अख्खी इमारत वहिनी म्हणते, कारण त्यांचे यजमान आमच्या फाटकावर पहारेकरी होते आणि त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ नऊ जानेवारीला डोळे तपासायला म्हणून बसने शेजारच्या शहरात गेले ते आलेच नाहीत. दवाखान्यात पोचलेच नव्हते. पोलिसांत तक्रार दिली. मग वहिनींनी फोटो मास्तरांकडे दिला.

मास्तर म्हणजे आमचे निवेदक. पूर्वी शाळेत शिकवायचे. चौथ्या वाहिनीवर रोज संध्याकाळी सहा त्रेपन्न ते सात 'पत्ता हवा' हा त्यांचा कार्यक्रम. हरवलेल्या माणसांचे फोटो, वय, अंगावरचे कपडे, खुणा. दिवसाला चार माणसं. अठ्ठावीस वर्षं चाललाय. पूर्वी वशिल्याचे फोटो मध्ये घुसायचे, म्हणून आलेल्या अर्जांना क्रमांक देऊन रांग लावायची पद्धत मी घातली. रोजचं क्रमपत्रक माझ्या सहीशिवाय स्टुडिओत जात नाही.

वहिनी चहा ठेवून म्हणाल्या, "ताई, माझा नंबर कधी लागेल हो?"

"कितवा आहे?"

"सहाशे सतरा."

आज चारशे अकरापासून चौदापर्यंत आहेत. हिशेब आपोआप झाला: दोन एप्रिल. चौथी वाहिनी एकतीस मार्चला बंद. मी म्हटलं, "एप्रिलच्या सुरुवातीला."

"अगं बाई, एप्रिल!" त्या ओट्याला टेकल्या. "बरं. बसून राहणारं माणूस आहे ते. जिथे असेल तिथे बसून असेल."

'एप्रिलच्या सुरुवातीला' हे उत्तर चूक नव्हतं. खोटं होतं. चूक आणि खोटं यांत फरक असतो आणि मला तो नीट माहीत आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळ्यांना एकच माप, हे ठरवलं. तीन वर्षांची सरासरी प्रेक्षकसंख्या काढायची, एका रेषेखालचं सगळं जाणार. कुणाचाही फोन घ्यायचा नाही. माझा आवडता जुन्या नाटकांचा तास रेषेखाली गेला, मी पट्टी काढून खोक्यात टाकली. हे लिहून ठेवते, कारण मी आवडीनिवडीने काही केलं असं पुढे कुणी म्हणू नये.

काही कार्यक्रमांपुढे तर सरळ शून्य आहे. पहाटेचं होडीवाल्यांचं पाच मिनिटांचं हवामान, कर्णबधिरांसाठीच्या खुणांच्या आठ मिनिटांच्या बातम्या, बालगीत. आणि 'पत्ता हवा'. मला वाटलं होतं थोडे तरी असतील. पण शून्याशी वाद घालता येत नाही.

आज लवकर घरी आले तर सासूबाई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसलेल्या. मी काहीतरी सांगायला लागले तर हातानेच थांबवलं. "थांब गं. माणसं बघू दे."

सात वाजता टीव्ही बंद केला. मी विचारलं, "आई, तुम्ही हे रोज बघता?"

"रोज. एखादा ओळखीचा निघायचा."

"निघाला का कधी?"

"नाही. पण नाही निघाला, हेसुद्धा बघावं लागतं ना."

नवरा आतून म्हणाला, "आमच्या घरातला एक प्रेक्षक लिहून घे." मी त्याला समजावलं की आपलं घर मोजणीच्या नमुन्यातल्या घरांमध्ये नाही. एका घरावरून काही सिद्ध होत नाही. तो म्हणाला, "मी जेवायला ये म्हणत होतो."

२२ फेब्रुवारी, रविवार

काल तक्ता दिला. तिसरीवरचे शालेय पाठ सकाळी पहिलीवर वाचवले, पाचवीवरचे खेळ दुसरीवर. प्रत्येक कार्यक्रम पूर्ण वाजता किंवा साडेला सुरू होतो. एकही सात मिनिटांचा, आठ मिनिटांचा तुकडा कुठे लोंबत नाही. लांबून पाहिलं तर विणल्यासारखा दिसतो. मी बराच वेळ पाहत उभी होते.

कुणावर अन्याय झाला का, हे तीनदा तपासलं. मापात तरी नाही.

३ मार्च, मंगळवार

मंजुरी आली. आज सूचना फलकावर लागली. कुठेही 'बंद' हा शब्द नाही. तिन्ही वाहिन्या 'विलीन' होत आहेत. टंकलेखकाने घाईत काना गाळला आणि 'चौथी वहिनी एक एप्रिलपासून विलीन' असं छापलं. कॅन्टीनमध्ये हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. वहिनीही हसल्या. म्हणाल्या, "बाकीच्या तीन कुठे आहेत ते तरी सांगा, त्यांना चहा करायला लावते." मग सूचना पुन्हा वाचली, ओठ हलवत.

संध्याकाळी मास्तर खोलीत आले. "फूटपट्टीबाई, एक शंका आहे. शून्य म्हणजे नक्की किती कमी? दोन? पाच?"

"शून्य म्हणजे शून्य, मास्तर."

"मग मला पत्रं कोण पाठवतं? आठवड्याला तीस-पस्तीस येतात. भुतं?"

"हरवलेल्यांचे नातेवाईक असतील."

"असतील." त्यांनी चष्मा पुसला. "पण मग माणसं सापडतात कशी गं? माझ्या वहीत अकराशे बेचाळीस आहेत. कुणीतरी बघितल्याशिवाय कसं सापडतं माणूस?"

उत्तर नसताना मी चिडते. आजही आवाज चढला. ते "बरं, बरं" म्हणत गेले.

५ मार्च, गुरुवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

मास्तरांच्या प्रश्नाने दोन दिवस पिच्छा सोडला नाही, म्हणून प्रेक्षकमोजणीची मूळ नियमावली काढली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तळटीप आहे: 'सलग दहा मिनिटांहून कमी काळ पाहणाऱ्यास प्रेक्षक धरू नये.' खाली तारीख, चौदा वर्षांपूर्वीची. तिच्याखाली आद्याक्षरं. माझी.

मला लख्ख आठवलं. लोक बटणं दाबत इकडून तिकडे जातात, त्या क्षणभराच्या पाहण्याने आकडे फुगतात, म्हणून मी दहा मिनिटांची अट सुचवली होती. एकतीस वर्षांची होते. तेव्हाच्या संचालकांनी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक केलं होतं.

सात मिनिटांचा कार्यक्रम दहा मिनिटं पाहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

मग मोजणीयंत्रांचे कच्चे आकडे काढून बसले. चौथ्या वाहिनीवर संध्याकाळी सर्वांत जास्त संच लागतात ते सहा पन्नासच्या सुमाराला. सात वाजता बंद होतात. चौदा वर्षं त्या वेळी लोक येऊन बसत होते आणि आम्ही खोली रिकामी आहे असं लिहीत होतो. शिवाय यंत्रं फक्त घरांमध्ये. रुग्णालयं, वसतिगृहं, बसस्थानकं कधी मोजलीच नाहीत.

उद्या सकाळी पहिलं काम, संचालक.

६ मार्च, शुक्रवार

गेले. सगळं सांगितलं, कागद दाखवले. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "मॅडम, हे स्वतःहून सांगायला आलात. अशी माणसं राहिली नाहीत."

मी म्हटलं, "मग तक्त्यात सात मिनिटं..."

"ऐका. आज हे लेखी दिलंत तर हा एक कार्यक्रम नाही, अख्खा तक्ता संशयात येतो. संघटना कोर्टात जाईल, स्थगिती येईल. आणि वरचे काय म्हणतील माहितेय? यांना दोनही जमत नाहीत, पाचही बंद करा. चारशे लोक रस्त्यावर. जूनमध्ये फेरआढावा आहे. तेव्हा पहिलं कलम हेच ठेवू. माझा शब्द."

"तोपर्यंत ते फोटो?"

"संकेतस्थळावर टाकू. सगळे एकदम. रांगच नको."

मला पटलं. घरी पोचेपर्यंत पटलेलं होतं. आता लिहिताना विचारते आहे की पटलं, की त्यांनी नको म्हटल्यावर सुटल्यासारखं झालं? दोन्ही असू शकेल. चारशे माणसांचा मुद्दा खोटा नाही.

निघताना ते म्हणाले की माझ्या विभागातले नऊही जण राहतील आणि माझ्या उपसंचालकपदाची फाइल वर गेली आहे. या गोष्टींचा वरच्या बोलण्याशी संबंध नाही, तरी नोंद असावी म्हणून लिहिते.

१४ मार्च, शनिवार

अर्धा दिवस होता. वहिनी वर माझ्या खोलीत आल्या, पहिल्यांदाच. हात पदराला पुसत फळ्याकडे पाहत राहिल्या.

"हेच का ते? एवढंसं?"

"बसा ना, वहिनी."

बसल्या नाहीत. "ताई, एकतीसला सगळं बंद म्हणतात. माझा सहाशे सतरा दोन तारखेचा. मास्तरांनी मोजून सांगितलं. दोनच दिवस कमी पडतात. जरा पुढे घ्या ना."

मी त्यांना रांगेचं समजावलं. पुढच्या प्रत्येक नंबरामागे कुणीतरी असंच थांबलेलं आहे. त्यांनी मान डोलावली. "ते खरं. कुणाला मागे नका ढकलू. पण शेवटच्या दिवशी पाच दाखवा की."

"एका फोटोला दीड मिनिट लागतं. सुरुवात-शेवट धरून सात मिनिटं होतात. पाचवा बसत नाही."

"एक मिनिट नाही निघायचं, ताई?"

"सात वाजता पुढचा कार्यक्रम लागतो."

"हं."

संकेतस्थळाचं सांगितलं. तिथे फोटो कायम राहील, कुणीही कधीही पाहू शकेल. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पण तिथे बघायला जायला आधी माहीत पाहिजे ना, की आपल्याला काही बघायचंय? टीव्हीवर कसं, आपोआप समोर येतं." दारात वळून म्हणाल्या, "जाऊ द्या. तुमचाही नाइलाज आहे. चहा पाठवते."

पाठवला. मी प्याले.

घरी सांगितलं. नवरा भांडी पुसत होता. म्हणाला, "हा रांगेचा नियम कुणाचा?"

"सगळ्यांसाठी आहे."

"ते नाही विचारलं. आणि दहा मिनिटांचा? तोही सगळ्यांसाठीच होता ना?"

सासूबाई म्हणाल्या, "अरे, तिला जेवू तरी दे." मी जेवले नाही. हा पोरकटपणा होता. पण तो बरोबर बोलला म्हणून राग आला की बोचेल असं बोलला म्हणून, हे ठरवता येईना.

३० मार्च, सोमवार

उद्याचं, म्हणजे शेवटचं क्रमपत्रक सहीला आलं. ६०७, ६०८, ६०९, ६१७. अखेरचा आकडा चुकलेला. मास्तरांचे डोळे थकलेत. शून्याच्या जागी सात पडला असणार. लाल शाईने गोल केला, '६१० हवे, क्रम तपासावा' असं लिहून परत पाठवलं.

तासाभराने दुरुस्त होऊन आलं. एरवी शिपाई आणतो, आज मास्तर स्वतः घेऊन आले आणि मी सही करीपर्यंत उभे राहिले. म्हटलं, "काही हवंय का, मास्तर?"

"नाही. तुझी सही बघत होतो."

आज दिवसभर धावपळ. जाहिरातींच्या वेळा, नव्या पट्ट्या, दहा ठिकाणचे फोन. तरीही शेवटच्या दिवशीचं पत्रक चुकीचं जाऊ दिलं नाही, याचं समाधान आहे.

३१ मार्च, मंगळवार

शेवटचा 'पत्ता हवा' कॅन्टीनमधल्या संचावर पाहिला. वीसेक जण उभे होते. मास्तरांनी निरोपाचं भाषण वगैरे केलं नाही. रोजच्याच आवाजात चार माणसं सांगितली. चौथा फोटो जुना, कृष्णधवल. अकरा वर्षांपूर्वी घरातून गेलेले एक वयस्कर गृहस्थ.

वहिनी संचाच्या अगदी जवळ उभ्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून. का, ते कळलं नाही. चौथा फोटो लागला तेव्हा त्या तो पूर्ण दीड मिनिट पाहत राहिल्या. मग ओट्यावरचं फडकं उचललं आणि आधीच पुसलेलं टेबल पुसायला लागल्या. मास्तर खाली आले तेव्हा दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

४ एप्रिल, शनिवार

नवी मांडणी सुरळीत चालू आहे. पहिल्या तीन दिवसांचे आकडे आले. दुसरी वाहिनी वर गेली. संचालकांनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं. सासूबाई सहा त्रेपन्नला खुर्ची ओढतात, मग आठवतं, परत ढकलतात. संकेतस्थळाचं काम मे अखेरपर्यंत होईल म्हणतात. आज बऱ्याच दिवसांनी दुपारी झोपले.

११ एप्रिल, शनिवार

भाऊंचा पत्ता लागला. गेल्या शनिवारी, चार तारखेला, ते वारले.

त्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात होते. नऊ जानेवारीलाच बसस्थानकावर पडले, डोक्याला मार लागला. वाचा गेली. खिशात काही नाही, चष्मा फुटलेला. जवळपास तीन महिने 'अनोळखी पुरुष' म्हणून खाटेवर. दोन शहरांच्या पोलीस ठाण्यांमधून कागद सावकाश फिरत होते ते मृत्यूनंतर जुळले. बुधवारी वहिनींना ओळख पटवायला नेलं.

ही बातमी मला लिफ्टमध्ये कळली. मी "अरेरे" म्हणाले. सगळेच म्हणाले.

१२ एप्रिल, रविवार

वहिनींच्या घरी जाऊन आले. दोन खोल्या, बाहेर चपलाच चपला. त्यांनी मला आत स्वतःजवळ बसवलं आणि आलेल्या बायकांना सांगितलं, "या आमच्या ताई. यांनी खूप केलं आमच्यासाठी."

कुणीतरी पाण्याचा पेला दिला, तो मी घेतला.

मग हळू आवाजात सांगायला लागल्या. वॉर्डातल्या नर्सने भाऊंची दाढी रोज केली होती. "मुलगी आहे हो, पंचवीसेक वर्षांची. मला धरून रडली. म्हणाली, आमच्याकडे अशी नाव नसलेली माणसं येतात ना, म्हणून आम्ही संध्याकाळी तो मास्तरांचा कार्यक्रम लावायचोच. दोघांच्या घरचा पत्ता त्यावरून लागला म्हणे. एकतीस तारखेलासुद्धा सगळे बसले होते. ह्यांची खाट टीव्हीसमोरच होती, ताई. हे पण बघायचे म्हणाली. दुसऱ्या दिवशी लागेना, तर त्यांना वाटलं टीव्हीच बिघडला. मेकॅनिकला बोलावलं."

मी पाण्याचा पेला धरून बसले होते.

"ताई, ती विचारत होती, तो कार्यक्रम का हो बंद केला? तुम्हाला ठाऊक असेल ना?"

मी म्हणाले, "प्रेक्षक नव्हते, वहिनी."

"त्या वॉर्डात अठरा खाटा आहेत," म्हणाल्या. भांडण म्हणून नाही. मला माहीत नसेल म्हणून सांगितलं.

१३ एप्रिल, सोमवार

आज ही वही मागून पुढे वाचली. तीस मार्चचं पान पाहिलं. ६१७. मग दहा फेब्रुवारीचं. मग चौदा मार्चचं. दोन्हीकडे माझ्याच अक्षरात सहाशे सतरा.

ऑफिसात जाऊन ते पत्रक फाइलमधून काढलं. लाल गोल तसाच आहे. नीट, वाटोळा.

मला खरंच आठवलं नव्हतं का? हा एकच प्रश्न सकाळपासून स्वतःला विचारते आहे. त्या दिवशी घाई होती, फोन वाजत होता, पत्रकावर नावं नसतात, नुसते आकडे. हे सगळं खरं आहे. पण आकडे मी विसरत नाही. मला वीस वर्षांपूर्वीच्या वेळा आठवतात. आठवलं असतं तर मी काय केलं असतं, याचंही उत्तर मला ठाऊक आहे, आणि कदाचित म्हणूनच आठवलं नसेल. याच्यापुढे मला माझ्या आत दिसत नाही.

मास्तरांना गाठलं. ते खोली रिकामी करत होते. पत्रांची पोती दोरीने बांधून ठेवलेली. पत्रक समोर धरलं. "ही चूक नव्हती ना?"

"नव्हती."

"सहाशे दहावर अन्याय झाला असता."

"त्याच्या मुलाला मी फोन केला होता. अकरा वर्षं दरवर्षी नवा अर्ज भरतो बिचारा. त्याला विचारलं, बाबा, तुझी जागा देतोस का? म्हणाला, द्या, आमचे थांबतील." मास्तरांनी गाठ मारली. "वहिनीला पण सांगून बसलो होतो. शेवटचा फोटो भाऊचा म्हणून."

"मग मी परत पाठवल्यावर बोलला का नाहीत? समोर उभे होता!"

"तू लाल शाईत लिहिलं होतंस. मला वाटलं, नंबर हिला ठाऊक आहे. ठाऊक असून काढला म्हणजे काही कारण असणार. बावीस वर्षांत कारणाशिवाय तू काही केलेलं मला माहीत नाही."

मी म्हणाले, "वहिनींना सांगते."

"काय सांगणार?"

"सगळं."

"म्हणजे तू हलकी होणार आणि ती आयुष्यभर मोजत बसणार, एकतीस ते चार, चार दिवस. कुणासाठी सांगतेस ते आधी ठरव." मग माझ्याकडे पाहून आवाज उतरवला. "माझंही त्यात आहे गं. मी तुझ्यापुढे तोंड उघडलं नाही. मलाही तेच ठरवावं लागेल."

तेव्हापासून हेच चाललंय. फोटो दाखवला असता तर नर्सने ओळखलं असतंच असं नाही. दाढी केलेला, सुकलेला चेहरा. ओळखलं असतं तरी भाऊ वाचले असते असं नाही. वहिनी चार दिवस त्यांच्याजवळ बसल्या असत्या, एवढंच. एवढंच असं लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. खोडत नाही.

मास्तरांचं म्हणणं मी नाकारू शकत नाही. सांगण्यात माझी सुटका आहेच. पण न सांगण्यातही ती आहे, आणि जास्त आरामाची आहे. शिवाय त्या वॉर्डातल्या मुलीला कुणीतरी खरं कारण सांगायला हवं, आणि काल मी वहिनींच्या तोंडून तिच्यापर्यंत पोचेल असं खोटं सांगून आले आहे. प्रेक्षक होते. मीच त्यांना मोजायचं नाही असं लिहून ठेवलं होतं.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी सोबत येऊ का?" मी नको म्हटलं.

वहिनी उद्यापासून कामावर येणार आहेत, मास्तर म्हणाले.

उद्या: साडेआठला, गर्दी व्हायच्या आत कॅन्टीनमध्ये जाऊन वहिनींना सांगणे, आधी नियम, मग पत्रक.